साहेबाला कळवते

वन्सं, ही काय रीत झाली?

मंगळवारी सकाळी तार आणि गुरुवारी दुपारी तुमच्या हातचं पार्सल. आधी जायचं आणि मग गोष्ट पाठवायची? माणसं आधी पत्र टाकतात, मग घरातून निघतात. रुमालाची कड जराशी वाकडी गेली तरी उसवून पुन्हा घालणाऱ्या तुम्ही, आणि जाताना मात्र एवढा उलटा कारभार करून गेलात. आज सोळावा दिवस. मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. राग आहे तोवर बरं चाललंय, तो गेला की काय होईल ते मला ठाऊक नाही.

तार आली तेव्हा मी अंगणात गहू पाखडत होते. इकडून ती वाचली गेली, परत वाचली गेली, आणि मग तुमचे धाकटे बंधू, ज्यांनी लग्न झाल्यापासून घरात कधी आवाज चढवला नाही ते, "ताई गेली!" असं मोठ्यांदा म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" अहो, खरंच विचारलं मी! तुम्ही काय एक ठिकाणी बसणाऱ्या होता? इंदूर झालं, उज्जैन झालं, मागल्या साली ओंकारेश्वर. 'वन्सं गेल्या' म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे टांगा, वळकटी आणि फिरकीचा तांब्या. हे मटकन पायरीवर बसले तेव्हा माझ्या हातातलं सूप सुटलं. गहू सगळ्या अंगणभर झाले. त्या दिवशी चिमण्यांनी ते पोटभर खाल्ले, कुणी हाकललं नाही.

आणि गुरुवारी आमचा तो पोस्टमन. सात वर्षं तुमच्या गोष्टींच्या वह्या त्यानेच आणून दिल्या. नेहमीसारखा दारातून ओरडला, "बाईसाब, धार से पारसल आयो हे!" मला काय वाटलं सांगू? वाटलं, बघा, तार खोटी होती. पदर सावरायचं भान नाही, अशी धावले. पत्त्याचं अक्षर तुमचं, दोरीची दुहेरी गाठ तुमची. मी आत ओरडले, "अहो, वन्संचं पार्सल आलंय! बऱ्या आहेत त्या!" हे बाहेर आले, पार्सल हातात घेतलं, शिक्का पाहिला. शनिवारचा होता. शिक्क्यावर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले.

शनिवारी तुम्ही ते टपालात दिलंत, रविवारी हुडहुडी भरली, मंगळवारी पहाटे सगळं संपलं. मध्ये ते कुठे रेंगाळत होतं देव जाणे. एवढं धडधाकट बाईमाणूस तीन दिवसांत नाहीसं होतं, हे मला अजून पटलेलं नाही. तुमच्या साहेबाने असं गोष्टीत लिहिलं असतं तर मी कार्डावर फटकारलं असतं, 'अशक्य, पान मिटलं.'

साहेब. तिथेच तर सगळं येऊन अडतं.

लोकांच्या घरी नणंद-भावजयीत काय चालतं ते सांगायला नको. तुम्ही धारला, मी देवासला, आणि आपल्या दोघींत चंद्र, मंगळ आणि यंत्रं चालली. माझं तिसरं बाळंतपण झालं होतं, काही गोड लागत नव्हतं. मासिक उघडावं तर सासुरवाशिणी रडताहेत, नाहीतर राजपुत्र शिकारीला निघालेत. तुम्हांला लिहिलं, 'वन्सं, मला असं काहीतरी पाठवा ज्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही.' पंधरा दिवसांत वही आली. वर लिहिलेलं, 'शास्त्रीय गोष्ट. एका साहेबाच्या पुस्तकावरून.' आणि पत्रात खुलासा: तुमच्या घरामागे एक मडम राहायला आली आहे, बायकांना औषधं देते. तुम्ही आठवड्यातून दोनदा तिला मराठी शिकवायला जाता. लोक बोलले, पण तुमचे यजमान, आमचे तात्या, त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. मडमेकडे असल्या पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे, ती वाचून सांगते आणि तुम्ही मराठीत उतरवता.

आणि वहीची शेवटची चार पानं काळ्या दोऱ्याने शिवलेली! मला वाटलं चुकून शिवली गेली. कसली चूक! खाली तुमचा हुकूम होता. 'वैनी, आधी तुझा शेवट कार्डावर लिही. कार्ड पेटीत पडलं की मगच दोरा उसव. वाचून झालं की दुसरं कार्ड टाक. तुझा बरा की साहेबाचा बरा, एवढंच.'

ती पहिली गोष्ट चंद्रावर जाण्याची होती. काय ते गुब्बारे आणि काय त्या पेट्या! नऊ पानं नुसते खिळे आणि पत्रे. मी दोनदा झोपले. तुम्हांला लिहिलं की हे पाच बाप्ये चंद्रावर गेले ते ठीक, पण त्यांच्या बायकांनी शेजारणींना काय सांगितलं, ते साहेबाला लिहायला सुचलं नाही का? तुमचं उत्तर आलं, चार पानं हालहवाल आणि तळाला, 'साहेबाला कळवते.'

मग ते शेंडेनक्षत्र दिसलं ते साल. इकडे टेकडीवर देवीपुढे बायकांची रीघ, नवस काय, उपास काय. आणि नेमकी त्याच महिन्यात तुम्ही पृथ्वी जळून जाण्याची गोष्ट पाठवलीत! मी अशी चिडले! पहिल्या दोन पानांत हजारो माणसं मेली आणि त्यांतल्या एकाचंही नाव नाही. 'साहेबाला सांगा, मला मेलेल्यांचा ढीग नको. एक माणूस घ्या, त्याला जगवा की मारा, पण आधी त्याला काय आवडायचं ते सांगा.' आलं तुमचं उत्तर, 'कळवते.'

त्यानंतर शंभर वर्षांनंतरचं जग. चुली नाहीत, स्वयंपाक नाही, लोक सकाळी एक गोळी खातात आणि कामाला लागतात. मी लिहिलं, साहेबाची बायको सुगरण नसावी. गोळीच खायची तर दिवाळीला काय करायचं, दोन गोळ्या? आणि मग त्याच आठवड्यात आमच्याकडे श्राद्ध आलं. पुरण वाटता वाटता पाठीचा काटा ढिला झाला आणि मनात आलं, असती बाई एक गोळी! हे मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. ती गोष्ट मला अर्धी पटली होती. सगळ्याच अर्ध्याअर्ध्या पटायच्या, कार्डावर फक्त न पटलेला अर्धा जायचा.

असं झोडपता झोडपता मला माझंच कळत गेलं. सांगायला लाज वाटते, पण तिशी गाठेस्तोवर मला आपल्याला काय वाचायला आवडतं हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढ्यात येईल ते वाचायचं, पानात पडेल ते खायचं तसं. एका पावसाळ्यात तुमची गोष्ट आली, एका बाईला तिच्या आरशात आजच्याऐवजी कालचा दिवस दिसतो अशी. बाकी घर जसंच्या तसं. चूल आहे, मुलं आहेत, दूध उतू जातंय, आणि आरशात काल. मी ती तीनदा वाचली. कार्डावर लिहिलं, 'वन्सं, मला सापडलं! मला गोष्टीत एकच अशक्य चालतं. एकच! बाकी सगळं आपल्या घरासारखं हवं. दुसरं अशक्य आलं की माझं पान मिटतं. साहेबाला हे नीट कळवा.'

तरी त्या कार्डावरही शेवटी काय लिहिलं? 'शेवट माझाच बरा.' सात वर्षांत दर वेळी तेच. एकदासुद्धा 'साहेबाचा बरा' म्हणून लिहिलं नाही. आता वाटतं, माझ्या हाताला काय लकवा भरला होता?

आणि डोळे तरी कुठे ठेवले होते मी! आकाशातून पडलेल्या रथाची गोष्ट आठवते? त्या रथाचा आस म्हणजे मशिदीपाशी पडलेली जुनी लोखंडी लाट, तो मोठा खांब, तीन तुकड्यांत. अहो, ती तर तुमची धारची लाट! मी विचारलंही, 'साहेबाला धारची लाट कशी ठाऊक?' तुम्ही लिहिलंत, 'मूळचं परदेशी नाव तुला कळलं नसतं, म्हणून बदललं.' मी मान डोलावली. दुसऱ्या एका गोष्टीत मंगळावर उतरलेले लोक शेण्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे बाफले भाजतात आणि तुपात बुडवतात. मी खदखदून हसले, की हा साहेब माळव्यात जेवून गेलेला दिसतो. एवढं हसले, आणि पुढचा विचार म्हणून केला नाही. धारच्या दोन खोल्यांत बसून एक मराठी बाई मंगळावर जाऊन येते हे मला सुचलंच नाही. गोष्ट करायची ती कुणीतरी लांबच्या साहेबाने, आपण बायकांनी फार तर उतरवून घ्यायची. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की समोर तूप गळत होतं तरी मला दिसलं नाही.

आता ते सांगते, जे सांगायला हा सगळा कागद घेतला आहे.

चैत्रात तुमची वही आली, घड्याळजीच्या बायकोची. तिला मूल नाही. घड्याळजी तिला पितळेचं मूल करून देतो. सकाळी किल्ली दिली की ते दिवसभर रांगतं, हसतं, तिचा पदर ओढतं, दिवेलागणीला थांबतं. ती रोज किल्ली देते. आठ वर्षं देते. मूल वाढत नाही. तिथे तुमचा काळा दोरा. मी शेवट लिहिला की ती मरेपर्यंत किल्ली देत राहते आणि मरताना किल्ली शेजारणीच्या हातात ठेवते. मग उसवलं. साहेबाच्या शेवटात एके सकाळी ती किल्ली देत नाही. मुलाचे कपडे धुते, वाळवते, घडी करून ठेवते, आणि किल्ली विहिरीत टाकते.

माझं टाळकं फिरलं. मी कार्डावर लिहिलं, 'आई असं कधी करत नाही. ज्याला मूल नाही अशा कुणीतरी लिहिलेलं दिसतंय. साहेबाने एक घर कधी जवळून पाहिलेलं नाही. मला आता त्याच्या गोष्टी नकोत.'

पेटीत कार्ड पडल्याचा आवाज झाला आणि घराकडे वळता वळता मी वाटेतच थांबले. चिमी. तुमची चिमी, सव्वा वर्षाची होऊन गेली, आणि त्यानंतर तुमच्या घरात पाळणा हलला नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? बारा जणींना ठाऊक होतं ते मला नव्हतं? पण मी साहेबाला बोलत होते! ते कार्ड आधी तुमच्या हातात पडणार, तुम्ही ते उभ्या उभ्या वाचणार, एवढं मला तीन ओळी लिहिताना सुचलं नाही. मग मी मनाशी म्हटलं, वन्सं समजूतदार आहेत, त्या कशाला अंगाला लावून घेतील. आपली आपण समजूत घालायला मी फार हुशार.

तुमचं उत्तर आलं. दर वेळची चार पानं नव्हती. एकच ओळ होती. 'साहेबाला कळवते.'

मग तीन महिने काही नाही. मीही लिहिलं नाही. आधी म्हटलं सणानंतर लिहू, मग म्हटलं लोणची होऊ देत. खरं सांगू? माफी मागायची तर चिमीचं नाव काढावं लागणार, आणि ते कसं काढावं ते मला येत नव्हतं. म्हणून मी गप्प बसले, आणि तुम्ही गेलात.

तेराव्याला आम्ही सगळी धारला आलो. मुलांसकट. देवासच्या घराला कुलूप घातलं, इंदुरास मुक्काम केला. तुमचं शिवलेलं पार्सल मी वळकटीत बरोबर आणलं होतं. दोऱ्यापर्यंतची पानं घरीच वाचली होती, पण दोरा उसवायला हात होत नव्हता.

दुपारी मडम आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. उन्हाने लाल झालेली, हातात कण्हेरीची फुलं, ओसरीवर कुठे बसावं ते कळेना. मी खुर्ची दिली. पाणी दिलं. आणि माझ्या मनात जे होतं ते बोलले, "तुमच्यामुळे आम्हांला सात वर्षं गोष्टी मिळाल्या, मडमसाहेब. त्या साहेबाची पुस्तकं..."

तिने विचारलं, "कोणता साहेब?"

"तोच, तुमच्या कपाटातला. चंद्राचा, मंगळाचा."

"माझ्या कपाटात बाटल्या आहे," ती म्हणाली. तुम्ही शिकवलेली मराठी, वन्सं, एकेक अक्षर सावकाश ठेवलेली. "बाटल्या, आणि बायबल, आणि औषधाचा दोन पुस्तक. गोष्ट ती सांगत होती. मला मराठी यावा म्हणून. मी तिला सांगत होती, चंद्रावर हवा नाही, प्रकाश किती वेगाने येतो. ती दुसऱ्या दिवशी गोष्ट करून आणत होती."

माझ्या कानांत नुसता घुंई आवाज भरला. तार आली तेव्हाही एवढं झालं नव्हतं. मी म्हटलं, "सगळ्या?"

"सगळ्या. तू वहिनी ना? तू फार रागावतेस." आणि ती हसली, रडता रडता. "मी तिला बोलली, नाव सांग. ती बोलली, नको. वहिनी साहेबाला खरं बोलते. मीच आहे कळलं तर गोड बोलेल."

वन्सं!

म्हणजे सात वर्षं मी कुणाला झोडपत होते? ज्याची बायको सुगरण नाही, ज्याला बायका कळत नाहीत, ज्याने घर जवळून पाहिलेलं नाही, तो साहेब तुम्ही? आणि ते 'साहेबाला कळवते' लिहिताना तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, हसू होतं की काय होतं? आतून यांनी विचारलं, काय झालं. मी मडमेचं पाण्याचं भांडं उचलून आत गेले.

संध्याकाळी तात्यांनी तुमची ट्रंक उघडून दिली. बिचारे म्हणाले, "यात तुमच्या दोघींचं काय ते आहे. मला त्यातलं काही कळत नाही. आठवड्यातून दोन दिवस ती फार आनंदात असायची, एवढं मला ठाऊक आहे." सगळ्या गोष्टींची तुमच्याजवळची प्रत. प्रत्येकीच्या शेवटी माझी कार्डं खळीने डकवलेली. माझी ती गिचमिड, उद्धट कार्डं, नीट कडा जुळवून! काही ठिकाणी तुम्ही आपला शेवट खोडून माझा घेतला होता. घड्याळजीच्या बायकोच्या गोष्टीत काही खोडलं नव्हतं. माझं ते कार्ड मात्र तिथेही डकवलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, 'वैनीचं बरोबर असेल. मला दुसरा शेवट येत नाही.'

मी तिथे ट्रंकेपाशी किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. बायका कुजबुजल्या, की भावजयीने मोठाच दुखवटा धरला. धरला तर धरला! मला तुम्हांला उठवून विचारायचं होतं, की वन्सं, मला एक थोबाडीत का नाही दिलीत?

काल परत आलो. आज सकाळी मुलं शाळेत गेल्यावर पार्सल पुढे घेतलं. वर तुमची चिठ्ठी आहे, मायना नाही, रुसवा नाही, काही नाही. 'वैनी, यात अशक्य गोष्ट एकच आहे. मोजून पाहा.'

मोजली. एकच आहे. देवासातली गोष्ट, आमच्याच मोठ्या रस्त्यावरची, ज्याची एक बाजू थोरल्या पातीच्या महाराजांची आणि दुसरी धाकट्या पातीच्या, गावाला राजे दोन ना! एका घराची भिंत पडते आणि तिच्यातून पितळी नळी निघते. कानाला लावली की त्या घराचे उद्याचे आवाज ऐकू येतात. एवढंच. मग दोन्ही पात्यांचे कारकून धावतात. भिंत आमच्या हद्दीतली, पण नळी घरंगळून तुमच्या हद्दीत पडली, असं म्हणत दोऱ्या टाकून रस्ता मोजायला बसतात. तेवढ्यात घरातली तिखट तोंडाची वैनी ती नळी गव्हाच्या कणगीत दडवून मोकळी! वन्सं, मी गुरुवारी हे वाचलं तेव्हा, तुमच्या सुतकात, मोठ्यांदा हसले. हसले आणि तोंडावर हात दाबला. वैनीला नळीतून उद्याचं स्वतःचंच ओरडणं ऐकू येतं, ती ठरवते की उद्या तोंडातून ब्र काढायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच वेळी, त्याच शब्दांत ओरडते. सात वर्षं मी तुम्हांला जे जे म्हटलं होतं ते सगळं त्यात होतं. माणसाला नाव होतं, त्याला काय आवडायचं ते होतं, चूल होती, शेजारीण होती. माझ्या आवडीची गोष्ट, माझ्या मापाने बेतलेली. कार्डावर तसं बोलल्यानंतरच्या तीन महिन्यांत तुम्ही रुसून बसला नव्हता, हे शिवत बसला होता.

आणि मग एका संध्याकाळी वैनी नळी कानाला लावते तर उद्याचा आवाजच नाही. भांडं नाही, झाडू नाही, मुलांची भांडणं नाहीत. चिमण्यांची चिवचिव तेवढी. तिथे काळा दोरा.

नियम तो नियम. आधी माझं कार्ड. 'यंत्र बिघडलं' हा शेवट तुम्हांला चालायचा नाही, तो मी एकदा लिहिला तेव्हा तुम्ही कार्ड परत पाठवलं होतंत. मी लिहिलं, 'त्या घरातली बाई गेली. घराला आवाज तिचाच असतो.' तुमचं नाव, धारचा पत्ता. कोपऱ्यावर जाऊन पेटीत टाकून आले. मग कातरीने दोरा उसवला. टाके नेहमीसारखे, एकही वाकडा नाही.

वन्सं, तुमच्या गोष्टीत घराला कुलूप आहे. कुणी मेलेलं नाही. नणंदेचं बोलावणं येतं आणि सगळी माणसं पहाटे टांग्यात बसून धारला जातात. मागे कोण बसणार यावरून मुलं भांडतात. वैनी वाटभर मनात एक माफी जुळवत असते. नणंद दारात उभी असते, पायांवर पाणी घालते आणि म्हणते, "आधी जेव. भांडायचं ते मग भांडू." इकडे रिकाम्या घरात अंगणात चिमण्या गहू टिपत असतात. संपली गोष्ट.

आमच्या घराला कुलूप होतं, वन्सं. सगळी धारला आलो होतो. मागे कोण बसणार यावरून मुलं भांडली होती. मी वाटभर तेच जुळवत होते. दारात तेवढं कुणी उभं नव्हतं.

दुसरं कार्ड आता पुढ्यात आहे. त्यावर मी लिहिलं, 'साहेबाचा बरा.' मग 'साहेबाचा' खोडून 'तुमचा' केलं. शाई जरा पसरली आहे, पण वाचता येतं. पत्ता धारचाच आहे. तात्यांच्या हातात पडेल, त्यांना त्यातलं काही कळणार नाही, तरी ते ट्रंकेत ठेवतील.

बाकी तेवढं साहेबाला कळवा.